मुंग्यांनी नेलेला पिंगळा

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. त्याला कारण आप्पा, माझे वडील. ते साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे उसाचा रस मोठमोठ्या बंद भांड्यांत आटवून त्याचा दाणा धरणारा माणूस. त्या पॅनघरात वाफेचा आणि यंत्रांचा असा काही घोंगाट चाले की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. इतकी वर्षं तिथे काढल्यावर आप्पांचे कान निम्मे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. ते मायला ‘मीठ दे’ म्हणाले की चार घरं पलीकडच्या बाईचा हात मिठाच्या बरणीकडे जाई. पॅनघरातल्या लोकांनी म्हणूनच हाताच्या खुणा ठरवून घेतल्या होत्या आणि त्या खुणा आप्पांबरोबर आमच्या घरी राहायला आल्या. तळहात खाली दाबला की वाफ कमी कर. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली की दाणा दिसतोय, लक्ष ठेव. आणि मूठ मिटून सावकाश खाली आणली की झालं, आता पॅन उतरव. जेवताना माय भाकरी वाढायला आली आणि आप्पांची मूठ खाली आली, म्हणजे पोट भरलं. मी बोलायला लागायच्या आधी म्हणे मूठ खाली आणायला शिकले होते.

पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढे ओटा, मागे न्हाणी आणि एक कडुनिंब. गळिताचा हंगाम सुरू झाला की सगळं घर हंगामावर चाले. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की डबा निघायचा. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं आणि ट्रॅक्टरवरची गाणी यांची दिवसभर चढाओढ. हवेत गोड वास इतका भरलेला, की पाहुणे आले की म्हणत, तुमच्याकडे काय शिरा केलाय का? आम्हांला मात्र तो वास येतच नसे. माय निखाऱ्यावर भरताची वांगी भाजायला टाकी, तेव्हा कुठे घराला घराचा वास यायचा. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि वर कच्चं तेल. आज मी चांगल्या हॉटेलात जेवते, पण हात पुसताना मनात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं ते त्या कच्च्या तेलामुळे.

मला चित्रांचं वेड कुठून लागलं ते सांगता येणार नाही. घरात कुणी रेघ ओढलेली नव्हती. शहाद्याच्या कॉलेजात बी.ए. करत होते आणि वर्गात बसून वहीच्या कडेला पाखरं काढत होते. बाजारपेठेत भंवरलालशेठचं दुकान होतं. वह्या, लग्नपत्रिका, पतंग, राख्या, जे ज्या दिवसांत खपेल ते. त्यांच्याकडे जलरंगांच्या वड्यांची पेटी मिळे. त्या वड्या आमच्याकडच्या कोरड्या हवेत टाचेच्या भेगांसारख्या तडकायच्या आणि ब्रश फिरवला की रंगाऐवजी खडेच हाती यायचे. तरी मी त्यांच्यावर जीव टाकून होते. जलरंगाचं मला आवडलं ते एवढंच, की त्यात पांढरा रंग लावत नाहीत. पांढरं हवं तिथे कागद मोकळा सोडायचा. काय करायचं नाही हे आधी ठरवायचं, ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच जमत नव्हती, मलाही नाही.

आणि मग रेवती मॅडम आल्या. पुण्याच्या, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या, कारखान्याच्या विश्रामगृहात मुक्कामाला. त्या आल्या होत्या रानपिंगळ्यासाठी. हा छोटासा घुबडाच्या जातीचा पक्षी शंभर वर्षांवर कुणाला दिसलाच नव्हता, तो जगातून गेला असंच पुस्तकं धरून चालली होती, आणि तो सापडला कुठे तर आमच्या शहाद्याकडच्या सागाच्या रानात! आम्हां शहादेकरांना हे कळल्यावर आम्ही जराही चकित झालो नाही. आमच्याकडे पोस्टातलं पाकीटही असंच वर्षांनी सापडतं. मॅडमना एक मोठं भित्तिचित्र छापून आश्रमशाळांत आणि ग्रामपंचायतींत लावायचं होतं, म्हणजे साधा ठिपक्यांचा पिंगळा कोणता आणि हा दुर्मीळ कोणता ते लोकांना ओळखता यावं आणि घुबड म्हणून त्याला कुणी दगड मारू नये. त्यांच्याकडे फोटो होते, पण फोटोत वाळकं सागाचं पान आणि पिंगळा एकाच रंगाचे दिसत. “मला हाताने काढलेलं चित्र हवंय,” त्या म्हणाल्या, “ज्याच्यात पक्षी पानापासून वेगळा दिसेल.” कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सांगितलं. मॅडम मला एकदा राणीपूरच्या पुढे, तोरणमाळच्या पायथ्याच्या रानात घेऊन गेल्या आणि तिथे भर दुपारी, लख्ख उन्हात, एका निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर तो मला दिसला. मूठभर जीव. डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्याच्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, छातीवर रुंद तपकिरी पट्टे, पोट पांढरं, पायांना पांढऱ्या लोकरीची विजार घातल्यासारखी, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकली. माझी पसंती त्याच वेळी झाली. त्याची झाली की नाही ते कळलं नाही.

घरी मायने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “घरमा घुबड काढू नको वं पोरी. काढनंच व्हई त ओटावर बठीसन काढ.” म्हणून पिंगळ्याची पहिली चित्रं मी ओट्यावर काढली. पण हंगामात ओट्यावर चिपाडाचा भुसा उडून येई आणि ओल्या रंगावर असा बसे की पिंगळ्याला दाढी आलेली दिसे. मग चित्र वाळवायला तरी आत आणू दे, एवढी सवलत मायने दिली, तीही कागद पालथा झाकून. भंवरलालशेठना एक चित्र दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते लांब धरलं, जवळ धरलं. “थोडो मोटो बणा, बाई,” ते कळवळून म्हणाले. “इण पर लक्ष्मीजी बैठसी कठे?” त्यांच्या लेखी घुबड म्हणजे लक्ष्मीचं वाहन, आणि वाहन कसं दणकट पाहिजे. एकाच पाखराला आमच्या घरात उंबऱ्याबाहेर ठेवत होते आणि पेठेत गादीवर बसवायला तयार होते. पाखरू आपलं रानात पाली धरून खात होतं.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण मध्ये विसरवाडी आली. आप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, कळसाडीला राहत. तिथली शेती तेच बघत, ऊस आणि कापूस, शिवाय स्वतःचं गुऱ्हाळ. आमच्या घराण्यात थोरल्या भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी रीत होती. आप्पा पॅनघरात दहा माणसांवर ओरडत, पण मोठ्या बाबांसमोर त्यांचा आवाज चक्क माणसासारखा होई. मोठ्या बाबांनी माझ्यासाठी विसरवाडीचं स्थळ आणलं. मुलगा हायवेवर ट्रकच्या टायरांचा धंदा करणारा, घरचं बरं, माणसं नाकासमोर चालणारी. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. मला धुळ्याला जाऊन चित्रकलेचा शिक्षक व्हायचा अभ्यासक्रम करायचा होता, एवढंच. मी आप्पांना तसं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वाटीतलं भरीत ढवळत बसले. मग म्हणाले, “हंगाम बंद व्हई तवलोक तुले येळ शे. त्या मॅडमनी तुन्हं चित्तर छापाले लिधं, त मी भाऊसंगे बोलसू. नही लिधं, त मंग बोलानं नही.” हंगाम संपला की कारखान्याचा लांबलचक भोंगा वाजतो. विसरवाडीची मंडळी त्यानंतर होकार घ्यायला येणार होती. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या भोंग्याच्या अलीकडे एका कागदावर बसवायचं होतं.

मी जोरात कामाला लागले आणि वड्यांनी दगा दिला. पिंगळ्याचा तो तपकिरी सपाट, ओढून आणलेला दिसे, आणि वाळला की भेगाळे. मॅडम म्हणाल्या, “चांगल्या जलरंगात डिंक असतो आणि किंचित मध. मधाने रंग ओलसर राहतो, तडकत नाही.” डिंक घरात होता, मायने हिवाळ्याच्या लाडवांसाठी आणलेला. मध मात्र औषधाच्या बाटलीत तळाला चिकटलेला. मी तो काडीने खरवडत बसलेली आप्पांनी पाहिली आणि सगळा प्रश्न ऐकून ते सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असे म्हणाले, “मध कसाले? आपली काकवी काय मरी गई का?”

आता हे सुचायला माणूस साखरवालाच पाहिजे. मोठ्या बाबांच्या गुऱ्हाळातून काकवीचा डबा आला. आप्पांनी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी बाह्या सारल्या, मायचं पातेलं ताब्यात घेतलं, वड्या कुटल्या, डिंक भिजवला आणि त्यात काकवी घालून मंद आचेवर असे हलवत बसले जणू कारखान्याचं सगळं उत्पादन त्या पातेल्यावर अवलंबून आहे. थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचे, दिव्यासमोर धरायचे, मान हलवायचे. आणि काय तपकिरी झाला तो! काकवीचा स्वतःचा रंग त्यात उतरला. खोल, उबदार, आतून उजेड असलेला. मी कागदावर हात फिरवला आणि पिंगळ्याचं डोकं कागदातून वर आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. मग आणखी थोडी काकवी घातली, म्हणजे आणखी छान होईल. मग आणखी. हात कुणी आवरला नाही. रंग वाळायला फार वेळ घेतोय हे दिसत होतं, पण एवढं सुंदर झाल्यावर वाळण्याची घाई कुणाला? डोळे तेवढे मी शेठच्या पिवळ्या वडीने, नुसत्या पाण्यात रंगवले आणि नखं काळ्या शाईने. आज माझ्याकडे परदेशी रंगांच्या नळ्या कुरियरने घरपोच येतात, महागड्या, नावाजलेल्या. त्या तपकिरीच्या जवळपास जाणारी एकही नळी मला अजून मिळालेली नाही.

आप्पांची चित्र बघायची एक तऱ्हा होती. ते चित्र समोरून बघतच नसत. कागद उचलायचे, दिव्यासमोर धरायचे आणि पाठीमागून बघायचे, काचेवरचा दाणा बघावा तसे. उजेड कुठून येतो आणि कुठे अडतो ते त्यांना पाहायचं असे. त्या दिवशीही त्यांनी पिंगळा पाठीमागून पाहिला आणि अंगठ्यावर तर्जनी चोळली. दाणा दिसतोय. मी चित्र स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर वाळत ठेवलं, कागद पालथा न घालता, कारण रंग ओला होता. मायने तेवढं चालवून घेतलं.

सकाळी मायच्या हाकेने जाग आली. “पमे! ऊठ! तुन्हा पिंगळा चालना वं!”

मी धावत गेले. तो खरोखरच चालला होता. पिठाच्या डब्यापासून भिंतीपर्यंत, भिंतीवरून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून कडुनिंबापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती आणि माझा पिंगळा कणाकणाने रानाकडे निघाला होता. डोकं गेलेलं, पाठ गेलेली, छातीचे पट्टे तर चाटून पुसून साफ. जिथे त्यांना पुरतं खाता आलं नाही तिथे पायांनी माखून नुसता मळकट धूर करून ठेवलेला. शेठच्या पिवळ्या वडीला मात्र एकाही मुंगीने तोंड लावलं नव्हतं. कागदाच्या मधोमध दोन पिवळे डोळे वटारलेले आणि खाली आठ काळी नखं. बाकी पक्षी नाही. मी पिठाच्या डब्याशी बसले आणि भोकाड पसरलं. मायने मुंग्या झटकल्या नाहीत. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि चित्राकडे बघत म्हणाली, “चांगला व्हता वं माय. त्यासले बी आवडना.” घुबडाला माय चांगलं म्हणाली, मुंग्यांनाही आवडलं म्हणाली, हे माझ्या त्या वेळी लक्षातच आलं नाही. आप्पा पाळीवरून आले, त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच आमच्या घरात इतकी शांतता झाली की बाहेरच्या घुंगरांचा आवाज आत आला. काकवी त्यांची होती. ते न जेवता झोपले.

मॅडमनी आठवडाभराची सवलत दिली, त्यानंतर त्यांना छपाईला जायचंच होतं. मी साध्या वड्यांनी पुन्हा काढायला घेतलं. एक चित्र, दुसरं, तिसरं. पट्टे बरोबर, डोकं बरोबर, विजार बरोबर, आणि तरी पाखरू मेलेलं. आप्पांनी तिन्ही कागद दिव्यासमोर धरले. “याम्हा दाणा नही शे, पमे,” ते म्हणाले. आणि मग, त्यांच्या मानाने हळूच, “तू पाखरू नही काढी ऱ्हायनी. ते मुंग्यासनी नेयेल चित्तर शे ना, ते काढी ऱ्हायनी.” मला राग आला, कारण ते खरं होतं. मी डोळे मिटले की मला सागाचा शेंडा दिसतच नव्हता. मला माझंच जुनं चित्र दिसत होतं, ते किती छान झालं होतं ते, आणि मी त्याचीच नक्कल करत होते. आप्पा उठले, पाळीवर जायला पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, “सकाय आपन जाऊत. पाखरू दखूत.”

पॅनमनने भर हंगामात रजा मागणं म्हणजे काय हे वसाहतीत राहिलेल्यालाच कळेल. आप्पांनी माझ्या आजीच्या दहाव्याला घाटावरून येऊन दुपारची पाळी केली होती. रजा कशी मिळवली ते त्यांनी सांगितलं नाही. सकाळी ते न्हाऊन, धुतलेला सदरा घालून, मोपेडला किक मारत उभे होते. मायने भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मागे मी, मांडीवर कागद लावलेली फळी, पिशवीत रंगांची पेटी आणि पाण्याची बाटली. राणीपूर मागे टाकलं, रान लागलं आणि आम्ही गाडी लावून आत शिरलो. सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडतात, त्यामुळे थोडं चाललो आणि बसलो. ऊन होतं, वारा नव्हता. खूप वेळ काहीच झालं नाही. मग आप्पांनी माझा दंड धरला आणि कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले.

“पमे! तो दख! वरना शेंडावर!”

शेंडा तर मोकळा झालाच, आजूबाजूच्या सगळ्या झाडांवरची सगळी पाखरं उडाली. लांब कुठेतरी एक बकरीही ओरडली. आप्पांचा चेहरा असा पडला की मला हसावं का रडावं कळेना. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, त्याचा बोळा केला आणि सरळ स्वतःच्या तोंडात कोंबला. मग बोटाने खुणावलं, बस. आम्ही बसलो. ते माझ्यापासून थोडे लांब, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी सरकले. ऊन डोक्यावर आलं, डोक्यावरून कललं. आणि मग मी पाहिलं की आप्पांचा हात हवेत आहे आणि अंगठ्यावर तर्जनी हळूहळू फिरतेय. दाणा दिसतोय. लक्ष ठेव. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. जुन्या शेंड्यावर नाही, खूप खाली, माझ्या समोरच्याच फांदीवर तो बसला होता, तोंडात पाल. मी तिकडे बघतच नव्हते, कारण माझ्या चित्रात तो वर बसायचा.

मी काढायला लागले. पेन्सिल नाही, सरळ रंग. घाई झाली की आप्पांचा तळहात खाली दाबला जायचा, वाफ कमी कर, आणि माझा हात सावकाश व्हायचा. पिंगळ्याने पाल गिळली, मान वळवली, पाठ दाखवली, पुन्हा वळला. डोकं झालं, पट्टे झाले, डोळे झाले. पोटाचा पांढरा कागद मोकळा राहिला. फांदी अर्धी झाली होती, मागे पानं काढायची होती, मी तपकिरीत ब्रश बुडवला आणि वर पाहिलं. पंचा तोंडात कोंबलेला तो माणूस माझ्याकडे बघत होता आणि त्याची मूठ मिटलेली होती. ती सावकाश खाली आली. झालं. उतरव. मला वाटलं अजून कुठे, पानं राहिलीत, फांदी अर्धीच आहे. पण लहानपणापासूनची सवय. मी ब्रश धुतला. मग कागदाकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे बघत होता, शेपटी झटकायच्या बेतात. मागे काहीच नव्हतं म्हणून तो पानापासून वेगळा दिसत होता, मॅडमना हवा होता तसा. घरी येईपर्यंत आप्पा काही बोलले नाहीत. पंचा त्यांनी काढला होता, तरीही.

मॅडमनी चित्र पाहिलं आणि ते घेऊन त्या खुर्चीतच बसल्या. ते छापलं गेलं. हंगाम बंद झाल्याचा भोंगा वाजला त्या आठवड्यात आप्पा शब्दाला जागून कळसाडीला गेले आणि पडलेल्या खांद्यांनी परत आले. मोठ्या बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, “चित्तर त काय, सासरे जाईसन बी काढता येस. रविवारले त्या लोके येतीन.” थोरल्या भावापुढे नाही म्हणायचा शब्द त्यांच्या तोंडात कुणी घातलाच नव्हता. त्या रात्री मी मायच्या कुशीत शिरले, इतकी मोठी घोडी होऊन.

रविवारी माझं न्हाणं, साडी, सगळं यथासांग झालं. मी आत पोह्यांशी झटत होते. बाहेर जीप थांबली, मोठ्या बाबांचा आवाज आला, विसरवाडीच्या पाहुण्यांचा आवाज आला, सतरंजीवर मंडळी टेकली, आणि अचानक सगळे गप्प. मी दाराच्या फटीतून पाहिलं. पुढच्या खोलीच्या भिंतीवर, मध्यभागी, जिथे काल दिनदर्शिका होती तिथे, काचेच्या फ्रेममध्ये, मुंग्यांनी खाल्लेला माझा पिंगळा लावलेला होता. दोन पिवळे डोळे, आठ नखं, आणि मधे मळका धूर. दारातून येणाऱ्या माणसाला बरोबर समोर. धड घुबड असतं तर एक वेळ चाललं असतं. हे घुबडाचं भूत होतं.

“पाव्हना,” मुलाचे वडील जपून म्हणाले, “हाई काय लायेल शे भीतवर?”

“घुबड शे,” आप्पांनी चार घरांना सांगितलं. “मन्ही पोरनी काढेल शे. मुंग्यासनी खाई टाकं, नहीते आखो चांगलं दिसतं. आते रोजच काढस ती घुबड. सासरे बी काढी.”

चहा अर्धा राहिला. मुलाच्या आईने पदर सावरला आणि घरी गाय विणार असल्याचं तिला एकाएकी आठवलं. माणसं चांगली होती, आवाज न चढवता उठली, हात जोडले आणि जीपमध्ये बसली. मोठे बाबा त्यांना पोचवून आत आले ते लालबुंद होऊन. “ते घुबड कोनी टांगं तठे?” ते कडाडले. आप्पांनी कानामागे हात नेला. कपाळाला आठ्या घातल्या. “काय म्हनस भाऊ? ऐकू नही ये.” मोठे बाबा पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले, आणि पॅनघरात ओरडण्यात हयात गेलेल्या माणसापुढे दमून खाली बसले. तेव्हा त्यांच्या डोक्यावरून आप्पांनी दाराच्या फटीकडे पाहिलं. मला बघितलं. आणि मूठ मिटून सावकाश खाली आणली.

मी धुळ्याला गेले. चित्रकलेची शिक्षिका झाले. पुढे खवल्या मांजर काढलं, गिधाडं काढली, तणमोर काढला, जे जे आमच्या भागातून सरत चाललं ते ते कागदावर धरायचा प्रयत्न केला. त्या विसरवाडीच्या मुलाची बायको आज माझ्या ओळखीची आहे, सुखात आहे. माझ्या गाडीचे टायर मी तिथूनच घेते. भिंतीत तो खिळा ठोकताना हातोडी कुणी दिली ते मला आप्पा गेल्यावर कळलं. मायने स्वतःच सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

शेवटच्या वर्षांत आप्पांना काहीच ऐकू येत नसे. मी प्रत्येक नवं चित्र त्यांच्याकडे घेऊन जाई. ते उठून बसत, कागद खिडकीसमोर धरून पाठीमागून बघत, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत राही. मूठ खाली आली की मी ब्रश धुऊन टाकी. आता माझे केस पांढरे झालेत, हात बऱ्यापैकी बसलाय, लोक चित्रं मागून घेतात. चित्र संपत आलं की मी अजून ते खिडकीसमोर धरते, पाठीमागून बघते आणि थांबते. मूठ खाली आणणारं कुणी नाही. म्हणून हल्ली माझ्या प्रत्येक चित्रावर एक हात जास्त फिरतो.